व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आलेल्याला ‘पुन्हा घेतलीस तर…’ हे सांगायचं की नाही?

महालकर
आमच्या गल्लीतला पोट्टा. ब्राउन शुगरवर होता. घरच्यांनी एका खाजगी केंद्रात तीन महिने ठेवला. परत आला तेव्हा अंग भरलेलं, माय खूश. चौथ्या दिवशी जुने दोस्त भेटले अन् यानं जुन्याच हिशेबानं घेतली. रात्री मोरीत पडलेला, ओठ निळे, घोरल्यासारखा आवाज. बापाला वाटलं, झोपला. शेजारच्या मावशींना शंका आली म्हणून मेडिकल हॉस्पिटलला जिवंत पोचला.

तीन महिने बंद राहिलं की शरीराची सवय मोडते. आधी पचायचा तेवढाच माल मग श्वास थांबवतो. सुट्टी देताना केंद्रानं शपथ दिली, हार घालून फोटो काढला, पण हे काही कोणी सांगितलं नाही. माझं मत : सुट्टीच्या कागदावर हे लिहिलंच पाहिजे.

नंदनवनची आई
वाईट वाटलं, भाऊ. पण ‘घेतलीस तर कमी घे’ असं लिहून देणार? म्हणजे तो घेणारच, हे आपणच ठरवून टाकलं. माझा मुलगा अकरावीला आहे, क्लासच्या बाहेर काय काय चालतं ते त्याच्याच तोंडून ऐकते. आमच्या घरी एकच नियम : घेतलीस तर दार बंद.

महालकर
ताई, त्याच्या घरीही हाच नियम होता. म्हणून तर मोरीची कडी लावून बसला.

इतवारीवाला
लाड करून राहिले सगळे. विकणारा आत, घेणारा आत, विषय संपला. अन् ते सरकारी गोळीचं काय? एक नशा सोडवायची अन् दुसरी फुकट द्यायची!

काउन्सिलर
काही वर्षं या कामात होतो म्हणून लिहितो. ती गोळी म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन, ब्राउन शुगरच्या बदली, जिभेखाली ठेवायची. नॅकोच्या, म्हणजे सरकारी एड्स नियंत्रण संघटनेच्या, केंद्रांत ती सहसा कर्मचाऱ्यासमोर घ्यावी लागते. तलफ अन् अंगदुखी थांबते, माणूस कामावर जातो, सुई टोचत नाही. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी एकाच्या सुईतून दुसऱ्याला जातात, सरकार यात पडलं ते त्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्येच हे औषध अत्यावश्यक यादीत घेतलं.

पण एमडीला, म्हणजे मेफेड्रोनच्या पावडरीला, अशी बदली गोळी नाही. तिथं समुपदेशन, आणि भास-संशय सुरू झाले तर मानसोपचार. दारूचं तर उलटंच : रोज भरपूर पिणाऱ्याची घरच्या घरी एका झटक्यात बंद करू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, बरळणं सुरू होऊ शकतं, जीवही जाऊ शकतो.

इतवारीवाला
कायद्यात गुन्हा आहे की नाही, तेवढं सांगा.

काउन्सिलर
आहे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५, कलम २७. त्याच कायद्यात कलम ६४अ आहे : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या गुन्ह्यात खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडला तर ती काढूनही घेता येते. तुम्ही अर्धाच कायदा वाचला, भाऊ.

नाव नको
सहा वर्षं झाली सोडून. त्याआधी तीनदा घसरलो. ताईंचं एक खरं : बापानं दार बंद केलं तेव्हाच मी हललो. पण माझ्या खोलीतले दोघं गेले, दोघंही केंद्रातून सुटल्यावर महिन्याच्या आत. तेव्हा आम्ही म्हटलो, माल खराब असंल. माल खराब नव्हता बाप्पा, आमचं शरीर नवं झालं होतं.

नंदनवनची आई
अकरावीच्या पोरासमोर मी हे अजूनही बोलणार नाही. पण ते निळे ओठ, ते घोरणं घरच्यांना माहीत पाहिजे, हे मान्य. तेव्हा करायचं काय?

काउन्सिलर
१०८ लावा. मोठ्यानं हाक मारा, हलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. लिंबूपाणी पाजू नका, अंगावर बादली ओतू नका. काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. ब्राउन शुगरचा असर उलटवणाऱ्या नालोक्सोनच्या इंजेक्शननं माणूस उठून बसतो, पण त्याचा असर थोड्या वेळात उतरतो अन् श्वास पुन्हा मंदावू शकतो. शुद्धीवर आला म्हणून लगेच घरी आणू नका. सल्ल्यासाठी १४४४६, फोन फुकट आहे.

महालकर
त्याचा बाप त्याच रात्री घरी न्यायच्या मागं लागला होता. शेजाऱ्यांना कळेल म्हणून.