अनुभव: तुमचा शेरा काय होता?

बारनिशीवाली
काल रात्री लेक लॅपटॉप मांडीवर घेऊन विचारते, "आई, 'मी लीड केलं' हे चार वेळा झालंय, पाचव्यांदा काय लिहू?" मार्चअखेर, सेल्फ-अप्रेझल, म्हणजे आपल्या कामाचं आपणच मूल्यमापन लिहायचं. मला एकदम १९९२ आठवलं.

सरकारी कार्यालयात कनिष्ठ लिपिक होते, टेबल बारनिशीचं, म्हणजे टपालाची नोंद ठेवायचं. नोकरीचं दुसरं वर्ष. एक दिवस शिपायाने बंद लिफाफा आणून दिला. आत गोपनीय अहवालातला (साहेब दरवर्षी आपल्या कामाबद्दल लिहीत तो) प्रतिकूल शेरा : "कामास गती नाही." बस्स, तीन शब्द. ज्या साहेबांनी लिहिला ते वर्षभर माझ्यासमोरून जायचे-यायचे, कधी ब्र काढला नाही. शेरा हातात पडेपर्यंत त्यांची बदलीसुद्धा झालेली. घरी येऊन रडले, अभिवेदन, म्हणजे शेऱ्याविरुद्धचा अर्ज, मात्र दिलं नाही. कुणाला द्यायचं तेच कळत नव्हतं.

नवे साहेब आले. एकदा टेबलाशी उभे राहून आवक नोंदवही चाळली आणि म्हणाले, "बाई, विषयाच्या रकान्यात अख्खं पत्र का उतरवताय? कोणाचं, कशाबद्दल, एवढंच लिहा." मला वाटायचं, सगळं लिहिलं की साहेबांना पत्र उघडावं लागत नाही! त्या दिवसापासून दुपारी तीनला टपाल हातावेगळं.

तुमचे अनुभव लिहा. मी तोवर चकलीची भाजणी दळून आणते.

रिकामा_डबा
बारनिशी!! किती वर्षांनी ऐकला हा शब्द. आमचे बाबा बारनिशीतच रिटायर झाले.

हिंजवडी_फेज_थ्री
आम्ही टीममध्ये नऊ जण. सगळ्यांनी रिलीजला रात्री काढल्या. मॅनेजर म्हणाला, काम सगळ्यांचं छान आहे, पण बेल कर्व्हमध्ये (ठरलेल्या प्रमाणात वरची-खालची श्रेणी वाटायची पद्धत) एकाला खाली बसवावंच लागतं. मी बाळंतपणाच्या रजेवरून सप्टेंबरात परत आलेले. ओळखा कोण बसलं ते.
२०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही उतरंड बंद केली, ती बातमी कँटीनमध्ये सगळ्यांच्या फोनवर फिरत होती. आमच्याकडे पुढची तीन वर्षं चालू.
बस आली, बाकी नंतर.

सदू_मोजकेच
मी प्रामाणिकपणे स्वतःला पाचात चार दिले. मॅनेजर म्हणाला, तू स्वतःच चार म्हणतोयस, मी वर कसा जाऊ? आणि तीन दिले.

रिकामा_डबा
सदू, पुढच्या वर्षी सहा दे.

चाकणकर
आमच्याकडे लाईनच्या तोंडाशी स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड. पोरांची नावं, समोर गोल. पाव भरला म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे कोणी शेजारी उभं असेल तर करतो, पाऊण म्हणजे एकटा, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवतो. लपवाछपवी नाही, चहावाल्यालाही दिसतं.
एका पोराचा गोल दरवाजा-फिटिंगला चार महिने अर्ध्यावर अडकलेला. सगळे म्हणायचे आळशी आहे. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू. एकदा तिसऱ्या शिफ्टला त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. गडी डावखुरा! टॉर्क गन (बोल्ट आवळायची) उजवीकडे टांगलेली, दर गाडीला अर्धा वळायचा, मग गन हात बदलून धरायचा. मेंटेनन्सवाल्यांच्या हातापाया पडून गन टांगायचा बॅलन्सर डावीकडे सरकवून घेतला. तीन आठवड्यांत गोल पाऊण.
चार महिने त्याने का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे, "साहेब, कोणी विचारलंच नाही."

निवृत्त_नोंदणी
ताई, तुमचा निदान कळवला तरी. त्या काळी फक्त प्रतिकूल तेवढा कळवत. 'चांगला' शेरा गुपचूप फाईलमध्ये, आणि बढतीच्या यादीला 'खूप चांगला' लागायचं, म्हणजे चांगला असून माणूस मागे. सीमा रस्ते सेवेतले अभियंता देव दत्त यांचं असंच झालं. 'चांगला' एवढ्या एका नोंदीवर बढती अडकली. ते सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. २००८ चा निकाल, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, चांगली असो की वाईट. माझ्या वेळी हे असतं तर दोन वर्षं आधी प्रमोशन घेऊन निवृत्त झालो असतो. असो. बीपीची गोळी घ्यायची राहिली.

हिंजवडी_फेज_थ्री
@चाकणकर, स्टूल टाकून बसणारा एकही मॅनेजर मला बारा वर्षांत भेटला नाही. सगळे मीटिंग इन्व्हाइट टाकतात.

अनामिका_मॅनेजर
मी ती दुसऱ्या बाजूची. पहिल्यांदा एकाला पीआयपीवर (ठरलेल्या मुदतीत काम सुधारून दाखवायची योजना) घातलं तेव्हा एचआरने दिलेला मजकूर जसाच्या तसा वाचून दाखवला. तो मान खाली घालून वहीत लिहून घेत होता. नंतर वही टेबलावर विसरला, पान उघडंच. सगळीकडे फक्त तारखा. काय सुधारायचं ते एकही नाही, कारण मी सांगितलंच नव्हतं.
नव्वद दिवसांनी तो गेला. यावर सध्या एवढंच.

सदू_मोजकेच
🙏

रिकामा_डबा
भाजणीत डाळी किती घालता ते सांगा ना. माझ्या चकल्या तेलात हसतात.

बारनिशीवाली
चार वाट्या तांदूळ, दोन चणाडाळ, एक उडीद, अर्धी मूग. मोहन बेताचंच, तेच जास्त झालं की हसतात.
लेकीचा फॉर्म साडेबाराला गेला एकदाचा. पाचवा 'लीड' तसाच ठेवलाय.