खतखत्यात तिरफळ कधी आणि कसे घालावे?

म्हापशाची सून
माझे माहेर सोलापूरचे आहे आणि यंदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नैवेद्याचे खतखते, म्हणजे गोव्याकडची डाळ-खोबरे घातलेली मिश्र भाजी, करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. भाज्या, तूरडाळ आणि गुळाचा अंदाज आता जमतो, परंतु तिरफळांविषयी, म्हणजे त्यात पडणाऱ्या त्या झणझणीत सुवासिक मसाल्याच्या फळांविषयी, घरातच दोन मते आहेत. सासूबाई तिरफळे ठेचून पाण्यासकट अगदी शेवटी घालतात, तर काकीसासूबाई ती ओल्या खोबऱ्याच्या वाटणाबरोबरच वाटतात. काकींच्या खतखत्याला वास अधिक येतो, पण मागाहून जिभेवर किंचित कडवटपणा रेंगाळतो. हा फरक वाटण्यामुळे पडतो की तिरफळांच्या प्रतीमुळे, हे जाणकारांनी सांगावे. सोले (आमसुले) नेमकी केव्हा घालावीत, हेही कळले तर बरे होईल.

अंत्रुजी
आपल्या सासूबाईंची रीत योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाळलेले तिरफळ उकलले की आत काळी, चकचकीत बी दिसते. ती आधी काढून टाकावी आणि फक्त साल ठेवावी, कारण बी दाताखाली कचकचते आणि चवही बिघडवते. तिरफळाचा खरा सुवास सालीतल्या तेलात असतो. साल नुसती ठेचून थोड्या पाण्यात भिजवली आणि ते पाणी सालीसकट रटरटत्या खतखत्यात घातले, तर सुवास रसात उतरतो आणि जेवताना साल बाजूला काढता येते. वाटणात घातलेली साल मात्र पुन्हा वेगळी होत नाही आणि सबंध भांडेभर कडवटपणा पसरतो. शिवाय वाटण बराच वेळ उकळते, त्यामुळे सुवासही उडून जातो. तिरफळे घातल्यावर दोन-तीन उकळ्या पुरेत.

सोलांचे म्हणाल, तर आंबट पदार्थ आधी पडला की डाळ आणि भाज्या शिजायला फार वेळ लावतात, म्हणून सगळे मऊ झाल्यावरच सोले आणि गूळ घालावा. याला अपवाद सुरणाचा आहे: त्याच्या फोडी आधी सोलांच्या पाण्यात ठेवल्यास घशाला खाज येत नाही. अंबाडे (आंबट रानफळे) घालणार असाल, तर सोले कमी करावीत. आणि कृपया फोडणी देऊ नये! उतरवताना वरून चमचाभर कच्चे खोबरेल सोडावे, एवढेच. हल्ली काही जण जिरे-मोहरीची फोडणी देतात, मग त्याला खतखते कशाला म्हणायचे?

पेडणेकरीण
श्रावण-चवथ आटोपली की हीच तिरफळे आमच्याकडे बांगड्याच्या हुमणात (खोबऱ्याच्या वाटणाच्या कालवणात) पडतात आणि तिथेही ती ठेचूनच घालतात. बांगडा, तारली यांसारख्या तेलकट, उग्र वासाच्या मासळीला तिरफळ शोभते. सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणात कांदा असतो, त्यात आम्ही ते घालत नाही. पावसाळ्यात बाजारात ओली, हिरवी तिरफळे मिळाली, तर त्यांचा झणझणीतपणा वाळलेल्यांपेक्षा वेगळाच लागतो, म्हणून प्रमाण आधी कमी ठेवून चव पाहावी. काकींच्या बाजूनेही एक गोष्ट सांगावीशी वाटते. वाटण पूर्ण झाल्यावर मिक्सर क्षणभरच फिरवून सालीचे मोठे तुकडे ठेवले, तर कडवटपणा सहसा जाणवत नाही; बारीक गंध होईपर्यंत वाटल्यास मात्र अंत्रुजी म्हणतात तेच होते.

म्हापशाची सून
दोघांचेही आभार. बिया काढण्याची गोष्ट घरात कोणी बोललेच नव्हते, बहुधा सर्वांना ती गृहीतच असावी. आता प्रमाण तेवढे सांगावे. घरी आठ माणसे जेवणार आहेत. भाज्यांत मुळा, लाल भोपळा, सुरण, कच्ची केळी, नीरफणस आणि मक्याच्या कणसाचे तुकडे घालण्याचा विचार आहे.

अंत्रुजी
आठ माणसांना दहा-बारा वाळलेली तिरफळे पुरतील. त्यांचा वास आधीच मंदावला असेल, तर दोन-चार अधिक घ्यावीत. सुरण आणि मका आधी शिजत टाकावा, मुळा व केळी त्यानंतर, आणि भोपळा सर्वांत शेवटी, नाहीतर त्याचा लगदा होतो. रस दाट हवा. डाळ अगोदर वेगळी शिजवून घोटून घेतली, तर तो आपोआप दाटतो.