मदत हवी आहे: दहा बाय बाराच्या खोलीत बाळाचा हलव्याच्या दागिन्यांतला फोटो

नमस्कार मंडळी,

माझा भाचा सात महिन्यांचा आहे. पहिली संक्रांत, म्हणून रथसप्तमीच्या आधीच्या रविवारी त्याचं बोरन्हाण ठरलंय. आमच्या घरात दादाचा, म्हणजे भाच्याच्या बाबांचा, याच वयातला एक फोटो आहे. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात बासरी, मागे नुसता गडद पडदा. १९९१ साली नाक्यावरच्या स्टुडिओत काढलेला. त्यात हलव्याचा काटा न् काटा दिसतो. आईची फार इच्छा आहे की नातवाचाही तसाच फोटो निघावा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावावेत. तो स्टुडिओ कधीच बंद झाला. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका स्टुडिओत नेलं होतं, पण तिथे दीड तास थांबवून ठेवलं. बाळाची झोपेची वेळ झाली, रडून रडून लालबुंद झालं आणि आम्ही तसेच परत आलो. आता घरीच काढायचं ठरलंय.

खोली चाळीतली. पुढच्या भिंतीत दार आणि खिडकी, दोन्ही गॅलरीत उघडतात. गॅलरीला छप्पर असल्याने ऊन थेट आत येत नाही. मागच्या बाजूला ओटा. डाव्या भिंतीला लोखंडी कपाट, उजव्या भिंतीला फोल्डिंगची कॉट. भिंती पोपटी ऑइलपेंटच्या. माझ्याकडे जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर, १८-५५ ची किट लेन्स आणि ५० मिमी एफ १.८ आहे. फ्लॅश कॅमेऱ्याचा आहे तेवढाच. स्टँड वगैरे काही नाही.

काल दागिने न घालता, फक्त काळं झबलं घालून आणि मांडीवर एक मुकुट ठेवून तालीम केली. बाळाला ओट्याकडे पाठ करून बसवलं, मी दारात उभी राहिले, ट्यूबलाइट लावली. काळं झबलं राखाडी आलं. मुकुट म्हणजे नुसता पांढरा डाग. चेहऱ्याची एक बाजू हिरवट, कावीळ झाल्यासारखी. मागे गॅसचा सिलिंडर. फ्लॅश लावून पाहिला तर हलवा साबुदाण्यासारखा गुळगुळीत दिसला.

मला विचारायचंय ते एवढंच: या जागेत बाळाला कुठे बसवू आणि मी कुठे बसू? काळं काळं आणि हलवा हलव्यासारखा एकाच फोटोत कसा येईल? भाचा आधाराशिवाय नीट बसत नाही, दोन मिनिटांत कलंडतो. त्याचं काय करू?

प्रतिसाद

ताई, तुमची जागा चांगली आहे. छप्पर असलेल्या गॅलरीतून येणारा उजेड मऊ असतो. स्टुडिओवाले त्यासाठीच मोठ्या छत्र्या लावतात. तुम्ही दारात उभ्या राहिलात तिथे चुकलं. एक तर उजेड अडवलात, आणि जो आला तो बाळावर समोरून पडला. हलव्याचा काटा समोरच्या उजेडात दिसत नाही. प्रत्येक काट्याची सावली पडली तरच तो दिसतो, आणि सावली आडव्या उजेडाने पडते. फ्लॅशने हलवा गुळगुळीत झाला तो त्यामुळेच.

म्हणून खोलीची लांबी विसरा आणि रुंदी, म्हणजे दहा फूट, धरा. कपाटाची खोली दीड फूट धरली तर त्याच्या दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत साडेआठ फूट उरतात. कॉट मिटून तासाभरासाठी शेजाऱ्यांकडे ठेवा. कपाटापासून दोन फुटांवर, खिडकीपासून अडीच-तीन फुटांवर जमिनीवर गादी घालून बाळाला बसवा. तुम्ही समोरच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसा. सहा फुटांवरून ५० मिमी लेन्समध्ये उभ्या फ्रेमची उंची साधारण ८० सेंटिमीटर येते. बसलेलं बाळ मुकुटासकट त्यात मावतं. कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीला हवा. वरून काढलात तर मुकुट मोठा आणि बाळ बुटकं दिसेल.

कपाट लोखंडी आहे हे तर उत्तमच. फ्रिजवर लावतात ती चुंबकं घ्या आणि सुती चादर कपाटाच्या वरच्या कडेला टांगा. गोधडी जड असते, चुंबकं धरणार नाहीत. चादर मरून किंवा गडद निळी घ्या. काळी घेतलीत तर झबलं तिच्यात हरवेल. इस्त्री मात्र करा, आडव्या उजेडात घड्याही उठून दिसतात.

हिरवटपणा भिंतीचा आहे. ऑइलपेंटवरून परतलेला उजेड गालावर येतोय. बाळाच्या ओट्याकडच्या बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर, एखादं पांढरं धोतर दोरीवर वाळत घालतात तसं टांगा. हिरवा अडेल आणि सावलीतला गालही उजळेल. ट्यूबलाइट बंद. दोन तऱ्हेचे उजेड मिसळले की त्वचेचा रंग सुधारता सुधारत नाही.

प्रतिसाद

वरचं सगळं पटलं. एक्स्पोजरबद्दल, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याबद्दल, लिहितो. कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी धरतो. फ्रेममध्ये काळंच जास्त असलं की त्याला अंधार वाटतो, तो उजेड वाढवतो, मग झबलं राखाडी होतं आणि हलवा जळतो, म्हणजे नुसता पांढरा होतो. मॅन्युअलवर जा: एफ (लेन्सचं छिद्र) ३.५, शटर १/२५० सेकंद, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ८०० पासून सुरुवात. स्क्रीनवर फक्त मुकुट मोठा करून पाहा. काटे वेगळे दिसेपर्यंत आयएसओ किंवा शटरने उजेड कमी करा, मग हात लावू नका. झबलं आपोआप काळं होईल. एफ १.८ वर जाऊ नका. त्या अंतरावर जेमतेम नऊ सेंटिमीटर स्पष्ट येतं, म्हणजे बासरी किंवा डोळे यांतलं एकच. रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग-उजेड सुधारता येईल अशा मूळ फाइलमध्ये, काढा.

जुन्या फोटोची फ्रेम मोजलीत का? स्टुडिओचे फोटो बरेचदा १० बाय १२ इंच असतात. तुमच्या कॅमेऱ्याची फ्रेम त्याहून लांबट आहे, कापताना वर-खाली जाईल. मुकुटावर चार बोटं जागा सोडा.

प्रतिसाद

मी दोन मुलांची आई आहे, फोटोतलं फारसं कळत नाही, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. हार गळ्यात अडकवू नका. दोरा ओढला गेला तर काचतो. हार आणि बाजूबंद झबल्यावरच चार टाके घालून शिवा. सात महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. हलवा, बोरं, शेंगदाणे, हरभरे, सगळं घशात अडकण्याजोगं आहे. म्हणून फोटो आधी, लूट नंतर, आणि लुटीच्या वेळी कुणाच्या तरी मांडीवर. बासरी हातात दिलीत की ती आधी चोखली जाईल आणि लाळेने पाघळेल, ती शेवटच्या दोन मिनिटांसाठी ठेवा.

बसवण्याबद्दल: एकोणिसाव्या शतकात फोटोला काही सेकंद लागायचे. तेव्हा आई अंगावर कापड ओढून खुर्चीसारखी बसायची आणि बाळाला धरून ठेवायची. वहिनीला तसंच मागे बसवा, चादर खालपर्यंत सोडून तिच्या अंगावरून पुढे घ्या. चेहरा झाकायची गरज नाही, डोकं फ्रेमबाहेर झुकवलं की पुरे. हात चादरीखालून बाळाच्या कमरेला. एक क्षणही सुटता कामा नये.

आणि वेळ उजेडाची नव्हे, बाळाची पाळा. आंघोळ, झोप, दूध, ढेकर, मग फोटो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बोरन्हाण झालं.

भाचा बाराला उठला, साडेबाराला सुरुवात केली. चादर दोनदा पडली, चुंबकं दुप्पट केल्यावर टिकली. आयएसओ ८०० वर मुकुट जळत होता, ५०० वर काटे दिसले. धोतर बाबांचं पूजेचं होतं, ते त्यांनी स्वतः दोरीवर टांगलं. आई माझ्या खांद्यामागे बसून चमचा-वाटी वाजवत होती, त्यामुळे नजर बरोबर कॅमेऱ्याकडे आली. वीस मिनिटांत एकशे दहा फोटो निघाले. बरेचसे हललेले आहेत, काहींत वहिनीचं कोपर आलंय. बासरी चौथ्या मिनिटालाच तोंडात गेली, टोकाचे दाणे विरघळले.

त्यातला एक निघाला. भाचा किंचित डावीकडे कललाय, खालचा ओठ ओला, आणि मुकुटाच्या खिडकीकडच्या बाजूला एकेका दाण्याची बारीक सावली पडलीय. आईने जुना फोटो भिंतीवरून काढून कॅमेऱ्याच्या स्क्रीनशेजारी धरला आणि बराच वेळ दोन्हींकडे आलटून पालटून पाहत राहिली. मग म्हणाली, "कान दादाचेच आहेत गं."

जुनी फ्रेम १० बाय १२ च निघाली, वर सोडलेली जागा कामी आली. आता प्रिंटचं विचारते. जुन्या फोटोचा कागद बिनचकाकीचा आहे आणि दोन्ही फोटो दाराच्या समोरच्या भिंतीवर येणार, तिथे गॅलरीचा उजेड थेट पडतो. मॅटच घ्यावा ना? आणि मॅटमध्ये झबल्याचा काळा फिका पडतो का, कुणी असा गडद फोटो छापून पाहिलाय का?