अनुभव धागा: झटक्यानंतर गेलेलं बोलणं

सांगली-साताऱ्याकडच्या मंडळींनो, अर्धांग किंवा डोक्याला मार लागून घरात कुणाला वाचाघात (मेंदूला इजा होऊन बोलणं जाणं किंवा बिघडणं) झाला असेल तर इथं लिहा. औषधं नकोत, रोजचं कसं निभावता ते सांगा.

मार्केट यार्ड, सांगली
आमचे अण्णा हळदीचे अडते. सौद्यात त्यांचा आवाज पार शेवटच्या ढिगापर्यंत जायचा. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला. उजवा हात आणि बोलणं एकदमच गेलं. आता "ते आपलं" एवढंच. आकड्यांची तर गंमतच. राजापुरी हळदीचा भाव विचारा, "एक, दोन, तीन" करत चढतात, हव्या आकड्याला थांबून टेबलावर बोट आपटतात. थेट 'सात' निघत नाही. गणपतीची आरती मात्र अख्खी, चालीसकट! शिव्याही स्वच्छ. त्यावरनं भाऊबंद म्हणाले, "म्हातारा सोंग करतोय." थेरपिस्टबाईंनी समजावलं: पाठ झालेलं, चालीतलं बोलणं बऱ्याचदा शाबूत राहतं, नवं वाक्य जुळवणं अडतं. चालीवर शब्द म्हणवून घ्यायची पद्धत १९७३ पासून आहे. आम्ही "चहा द्या" तसंच बसवलं. वहिनी हसतात, पण चहा मिळतो.

करंजे, सातारा
आमच्याकडं उलटं. भाऊ गाडीवरून पडला. बोलतो भरभर, हातवारे करून. अर्थ लागत नाही. आपण नीटच बोलतोय असं त्याला वाटतं, म्हणून आमच्यावरच चिडतो. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी १८७४ मध्ये हाच प्रकार मांडला होता. पोवई नाक्यावर लोक "पिऊन आलाय" म्हणतात. आता त्याच्या खिशात चिठ्ठी असते.

मिरज
मी स्वतः. मास्तर होतो. टाइप डावा हात. मुलगी शेजारी. दुरुस्त करू नको म्हटलं. डोकं ठीक. शब्द समोर... येत नाही. मोठ्यानं नका बोलू. बहिरा नाही.

जत
सासूबाईंचं 'हो'च्या जागी 'नाही' येतं, म्हणून आम्ही मानेकडं बघतो. "काय हवं?" विचारत नाही, भाकरी आणि भात दोन्ही समोर धरतो. थेरपीला मिरज गाठायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. फोनवरच्या सरावात सफरचंद, छत्री! आम्ही सूप, पाटा, चूल, शेळी यांचे फोटो काढले. "सहा महिन्यांत यायचं ते येतं" असं कुणी कुणी सांगितलेलं. सुरुवातीला सुधारणा जास्त होते हे खरं, पण 'शेळी' त्या दुसऱ्या वर्षी म्हणाल्या.

मार्केट यार्ड, सांगली
जतकर ताई, ते फोटो इथं टाकाल का? हळकुंड, पोतं, तराजू मी काढतो.