एसडीके कमांड लाइनवरून सांभाळायचे की स्टुडिओवर सोडून द्यायचे?

विश्रामबागकर:
काल आपल्या सांगली-साताऱ्याच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "कमांड लाइनचं खूळ सोडा. अँड्रॉइड स्टुडिओ टाका, नेक्स्ट-नेक्स्ट करा, एसडीके आपोआप येतंय. काळ्या पडद्यावर टाइप करून कुणाचं भलं झालंय?" माझं झालंय, म्हणून लिहितोय. (नवीन लोकांसाठी: एसडीके म्हणजे अँड्रॉइड ॲप बनवायच्या साधनांचा संच. स्टुडिओ म्हणजे ते सगळं खिडक्या-बटणांतून चालवणारा प्रोग्राम. कमांड लाइन म्हणजे आज्ञा टाइप करायचा काळा पडदा.)

माझ्या एका लॅपटॉपवर तीन गिऱ्हाइकांची कामं आहेत. तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचं जुनं ॲप अजून जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती ८ वर. दुसरं अँड्रॉइड ग्रेडल प्लगिन ७ वर (ग्रेडल म्हणजे कोडपासून ॲप बांधून देणारं साधन), त्याला जावा ११ लागतं. नवीन काम प्लगिन ८ वर, त्याला १७. शिवाय फ्लटर (ॲप बनवायचा गूगलचा संच) वापरणारे दोन प्रोजेक्ट, दोन्हींच्या आवृत्त्या वेगळ्या. स्टुडिओच्या खिडकीत खुणा करून टाकलेलं सहा महिन्यांनी कुणाला आठवतं का?

ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावभागातल्या ऑफिसात माझं मशीन पाण्याखाली गेलं. कोड सर्व्हरवर होता, वाचला. पण मित्राच्या मशीनवर सगळं परत उभं करायला चार दिवस गेले, कारण कुठलं जावा, कुठले बिल्ड टूल्स हे फक्त माझ्या डोक्यात होतं. आता दहा ओळींची फाइल आहे. एसडीकेमॅनेजरला (एसडीकेचे भाग उतरवणारी आज्ञा) काय उतरवायचं ते तिच्यात लिहिलंय. चालवली की मशीन तयार.

पोवईनाका:
पुराचं वाईट वाटलं. पण तुमचा मुद्दा अर्धाच आहे. प्लॅटफॉर्म (अँड्रॉइडच्या एकेका आवृत्तीचे संच) ३३, ३४, ३५ एकाच एसडीके फोल्डरमध्ये सुखानं नांदतात. लायसन्स एकदा मान्य केलं की नसलेला प्लॅटफॉर्म ग्रेडल स्वतः उतरवून घेतं. मग तुमची फाइल कशाला?

मी साताऱ्यात बारा वर्षं क्लास घेतोय. पहिल्या दिवशी जावा-होम, अँड्रॉइड-होम, पाथ (कुठलं साधन कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते मशीनला सांगणाऱ्या नोंदी) असं सुरू केलं की निम्मी पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. कमांड लाइन टूल्सची झिप उघडली की आत 'लेटेस्ट' नावाचं फोल्डर आपल्या हातानं करायचं, नाहीतर एसडीकेचं मूळ सापडत नाही म्हणून बोंब. सोनगावच्या पोरानं पहिल्या दिवशी हे का सोसावं?

विश्रामबागकर:
प्लॅटफॉर्मचं तुमचं बरोबर, तिथं मी माघार घेतो. पण खरी भांडणं जावा आणि फ्लटरची असतात, ती ग्रेडल मिटवत नाही. आवृत्त्या सांभाळायला जावासाठी एसडीकेमॅन (एसडीकेमॅनेजर नव्हे, नावं गोंधळात टाकतात), फ्लटरसाठी एफव्हीएम. दोन्हींची आवृत्ती प्रोजेक्टच्याच फोल्डरमध्ये लिहिलेली राहते.

आणि क्लासच्या मशीनची रॅम किती? स्टुडिओ किमान ८ जीबी मागतं. ४ जीबीच्या मशीनवर एमुलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालवून दाखवा. कमांड लाइनवर नुसतं एसडीके टाकलं, खरा फोन केबलनं जोडला, एडीबीनं (फोनशी बोलणारं एसडीकेतलं साधन) ॲप चढवलं की काम चालतंय.

मिरज_जंक्शन:
तुम्ही अँड्रॉइडवर भांडताय, इथं आयफोनच्या ॲपला एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं साधन) लागतं आणि ते फक्त मॅकवर. एका बिल्डसाठी पुण्याच्या मित्राकडं लॅपटॉप मागायला लागतोय. त्यावर कुणी बोला.

कराडची_लेक:
माझं आधी ऐका. भावानं नव्या लॅपटॉपवर युजरचं नाव मराठीत ठेवलं. हौस होती. मी प्रोजेक्ट उघडला तर बिल्डच होईना, म्हणजे कोडचं ॲप बनेना. पाथमध्ये (फोल्डरच्या पत्त्यात) परकी अक्षरं आहेत, विंडोजवर बिल्ड बहुतेक फसेल, प्रोजेक्ट दुसरीकडं हलवा असा निरोप. तीन दिवस घालवले. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची जागतिक यादी) आहे. मग आमचं नाव परकं कसं?

पोवईनाका:
अहो, फोल्डर इंग्रजीत ठेवायचं, हे कुणालाही कळतं. यावर तीन दिवस?

कराडची_लेक:
कळतं म्हणजे? मला कुणी शिकवलं? तुमच्यासारख्या मास्तरांनीच आधी सांगायला हवं होतं. एकीकडं पहिल्या दिवशी पोरं घाबरतात म्हणता, दुसरीकडं हे जन्मतःच माहीत असायला पाहिजे म्हणता. दोन्ही एकदम कसं?

मिरज_जंक्शन:
ग्रेडलच्या प्रॉपर्टी फाइलमध्ये 'ओव्हरराइड पाथ चेक' ट्रू करा, तपासणी थांबते.

कराडची_लेक:
केलं. तपासणी थांबली, पण एनडीकेचा (सी/सी++ कोडसाठीची साधनं) भाग तरी अडकला. शेवटी सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचं फोल्डर केलं आणि एसडीके तिथं हलवलं. भाऊ म्हणाला, "माझं नाव बदलतेस का?" मला त्याला तोंड दाखवता येईना.

पोवईनाका:
रागात बोललो, ते मागं घेतो. मराठी नावाचं फोल्डर चालायलाच पाहिजे, यात वाद नाही. पण उद्या क्लासमध्ये बावीस पोरं बसतात, तोवर काय करू?

विश्रामबागकर:
पहिल्या तासाला सी ड्राइव्हवर एसडीके नावाचं फोल्डर करायला लावा, बाकी नंतर.

पोवईनाका:
ते करतो. पण पहिला आठवडा स्टुडिओच राहणार. चौथ्या आठवड्यात तुमची दहा ओळींची फाइल घेईन, तीही प्रत्येक ओळीचा अर्थ लिहिलेली असेल तर. त्याहून जास्त मागू नका.

कराडची_लेक:
फाइलमधली अर्थाची टिपणं मराठीत लिहा. शेल स्क्रिप्टच्या (अशा आज्ञांच्या फाइलीच्या) टिपणात देवनागरी चालते, मी करून बघितलंय.

विश्रामबागकर:
आज रात्री लिहितो. जावा ८ ची ओळ वेगळी ठेवतो, बेदाण्याचं ॲप तिच्यावरच अडकलंय आणि मालक नवीन करायला तयार नाही. गेल्या वर्षी म्हणाला, "चालतंय की!"

मिरज_जंक्शन:
मॅकचं?

विश्रामबागकर:
तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, तिथं येतो.