पाणी या विषयावर परदेशी शाळेशी विद्यार्थी-देवाणघेवाण: काय करावं, काय टाळावं?

सावलीतली
नमस्कार मंडळी. मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. पुढच्या वर्षी परदेशातल्या एका शाळेबरोबर आमची विद्यार्थी-देवाणघेवाण ठरली आहे. आधी त्यांची मुलं आमच्याकडे येतील, मग आमची तिकडे जातील. मुलं १४-१५ वर्षांची आहेत. दोन्हीकडे आठवडाभर मुक्काम, तोही विद्यार्थ्यांच्या घरी. विषय दोन्ही शाळांनी मिळून घेतलाय: पाणी कुठून येतं, किती लागतं, कसं वाचवायचं.

प्रवासखर्चाची सोय झाली आहे. त्यापलीकडे हातात जवळजवळ काही नाही आणि पालकांकडे जादा पैसे मागायचे नाहीत, हे पक्कं आहे. म्हणून महागडी उपकरणं सुचवू नका, ही विनंती.

पाहुण्यांना वर्षाच्या कोणत्या काळात बोलवावं? आणि दोन्हीकडच्या मुलांनी मिळून करावं असं नेमकं काय? पोस्टर, घोषवाक्यं आणि पाहुण्यांची भाषणं नकोत, ती दरवर्षी होतात. कुणी असा कार्यक्रम केला असेल तर काय जमलं, काय फसलं तेही सांगा.

भटक्या
ताई, वाट वाकडी करून दोन दिवस सिंगापूर कराच. माझी मुलगी शाळेबरोबर जाऊन आली, तेव्हापासून घरातला प्रत्येक नळ तिच्या देखरेखीखाली आहे. त्यांच्याकडे पाण्याचे चार स्रोत आहेत आणि त्यांना ते ‘चार नळ’ म्हणतात: तिथेच साठवलेलं पावसाचं पाणी, शेजारच्या मलेशियातून आणलेलं, समुद्राचं गोडं केलेलं आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करून पुन्हा वापरात आणलेलं. या चौथ्याला न्यूवॉटर म्हणतात, ते २००३ साली सुरू झालं. मरिना बॅरेज २००८चं आहे. नदीच्या मुखाशी बंधारा घालून शहराच्या मधोमध गोड्या पाण्याचा साठा केलाय. मुलांनी हे डोळ्यांनी बघायला हवं, पुस्तकात वाचून कळत नाही.

सावलीतली
माहिती छान आहे, पण दोन दिवस वाढवणं शक्य नाही. जोडीदार शाळाही ठरलेली आहे.

मी_प्रयोगशाळेत
मोजमाप असल्याशिवाय काहीही करू नका. आम्ही शाळेसाठी एक चांगलं डिजिटल मीटर घेतलं. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते), तापमान, क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता, विरघळलेला ऑक्सिजन, सगळं एकाच यंत्रात. अजून उत्तम चालू आहे. स्वस्तातलं घेऊ नका, पस्तावाल. आणि पीएच मोजण्याआधी ४, ७ आणि १० असा ठरावीक पीएच असलेल्या बफर द्रावणांत यंत्र जुळवून घ्या. हे कुणी करत नाही आणि मग आकडे कसेही येतात.

बंधारा
एवढं महाग कशाला? टीडीएस मीटर घ्या, खिशात मावतं. मी घरी, शेतावर, प्रवासात सगळीकडे वापरतो. पाणी चांगलं की वाईट ते लगेच कळतं.

मी_प्रयोगशाळेत
नाही कळत. टीडीएस मीटर विद्युतवाहकता मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतं. जंतूंबद्दल ते अवाक्षर काढत नाही. आकडा छान कमी असलेल्या पाण्यातही मैलापाणी मिसळलेलं असू शकतं. मुलांच्या डोक्यात हा गैरसमज एकदा बसला की काढणं फार कठीण. जंतूंसाठी एचटूएस चाचणीची बाटली वापरा. पाणी भरून उबेला ठेवायचं. २४ ते ४८ तासांत काळं पडलं तर विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता मोठी.

बंधारा
माझं मीटर आजवर चुकलेलं नाही, एवढंच सांगतो.

सातवा मजला
काय टाळावं ते मी सांगते. आमच्या मुलाच्या शाळेत असाच कार्यक्रम झाला. पाहुणे आले, स्वागत झालं, धरण बघितलं, जलशुद्धीकरण केंद्र बघितलं, संग्रहालय बघितलं, आणि सगळा वेळ बसमध्ये गेला. शेवटी प्रमाणपत्रं वाटली. आमच्याकडे राहिलेली मुलगी जाताना म्हणाली की तुमचं घरचं पाणी कुठून येतं ते मला अजून माहीत नाही. माझ्या मुलालाही सांगता आलं नाही. मला फार वाईट वाटलं, कारण दोघंही हुशार होती आणि दोघांनाही जाणून घ्यायचं होतं. कुणी त्यांना वेळच दिला नाही.

जुना वाचक
सिंगापूरला अनुमोदन. पाहुण्यांना पावसाळा संपल्यावर बोलवा. नद्या भरलेल्या असतात, हवा बरी असते, पाहुण्यांना त्रास होत नाही. २२ मार्चच्या जागतिक जल दिनाचं निमित्त साधता आलं तर तेही बघा. १९९३पासून तो दिवस पाळला जातो. स्टॉकहोमची कनिष्ठांसाठीची जल पारितोषिक स्पर्धाही आहे, त्यात मुलांना उतरवा. शाळेचं नाव होईल.

पाणवठा
ती स्पर्धा १५ ते २० वयोगटासाठी असते आणि आधी आपापल्या देशातली फेरी जिंकावी लागते. १४ वर्षांची मुलं त्यात बसणार नाहीत. देवाणघेवाण झाल्यावर एखाद्या जोडीला प्रकल्प पुढे न्यावासा वाटला तर जरूर बघा.

आता मूळ प्रश्नाकडे. मी दोन शाळांचा असा प्रकल्प जवळून पाहिलाय. दोन्हीकडे तीच गोष्ट त्याच पद्धतीने मोजली, हे त्यातलं सगळ्यात उपयोगी ठरलं. ग्लोब नावाचा आंतरराष्ट्रीय शालेय कार्यक्रम आहे, १९९५पासून चालू आहे आणि १२०हून अधिक देश त्यात आहेत. पाण्याचं तापमान, पारदर्शकता, पीएच, विरघळलेला ऑक्सिजन कसा मोजायचा याच्या पायऱ्या त्यांनी ठरवून दिल्या आहेत, त्या फुकट वाचता येतात.

पारदर्शकतेची नळी घरी होते. लांब पारदर्शक नळी घ्यायची, खालचं तोंड बंद करून तळाशी काळ्या-पांढऱ्या चौकटींची चकती बसवायची. उन्हाकडे पाठ करून नळी स्वतःच्या सावलीत धरायची आणि वरून बघत थोडं थोडं पाणी ओतत जायचं. चकती दिसेनाशी झाली की थांबायचं आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये लिहायची. दोन मुलांचे आकडे वेगळे येतात, त्यावर वाद होतो, पुन्हा ओततात. तो वाद होऊ द्या. तिसऱ्या वेळेपर्यंत सगळे नीट बघायला लागलेले असतात.

वेळही एकच ठेवा. पाणवनस्पती उन्हात ऑक्सिजन सोडतात, त्यामुळे सकाळचा आणि दुपारचा आकडा जुळत नाही. शिवाय गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. गोड्या पाण्यात १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणजे थंड प्रदेशातल्या शाळेचा आकडा मोठा आला म्हणून त्यांची नदी स्वच्छ आणि आपली घाण असं ठरत नाही. हे मुलांना आधी सांगू नका. त्यांना आकडे समोरासमोर मांडू द्या आणि कारण शोधू द्या.

भटक्या
हे सगळं तिकडे जाऊन बघितलं तर एका दिवसात कळतं.

रेघ
पाणवठा यांच्याशी सहमत, पण नदीआधी घर घ्या. पाहुणे यायच्या आधीच दोन्हीकडच्या मुलांनी आपल्या घरचं एक दिवसाचं पाणी मोजायचं. बादली आणि घड्याळ पुरतं. मिनिटाला ९ लिटर सोडणारा शॉवर पाच मिनिटं चालला की ४५ लिटर गेले. गळका नळही मोजायला लावा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला २० लिटरच्या वर.

बंधारा
चूक. एका मिलिलिटरमध्ये २० थेंब असतात, कुठल्याही दवाखान्यात विचारा. दिवसाचे ८६,४०० थेंब म्हणजे सव्वाचार लिटर. उगाच मुलांना घाबरवू नका.

रेघ
२०चा हिशेब ड्रॉपरच्या बारीक टोकाचा आहे. नळाचं तोंड रुंद असतं, तिथला थेंब बराच मोठा होऊन सुटतो. पाव मिलिलिटरचा धरला तर साडेएकवीस लिटर होतात.

बंधारा
पाव मिलिलिटर कुणी मोजलं?

रेघ
तेच तर मुलांना करू द्या. गळक्या नळाखाली मोजपात्र दहा मिनिटं ठेवायचं आणि जमलेलं पाणी १४४ने गुणायचं. त्या नळाचा दिवसाचा आकडा मिळतो. थेंब केवढा, हा प्रश्नच उरत नाही.

अनघड
घरात मोजलेलं पाणी म्हणजे खरा वापर नव्हेच. अंगावरच्या कपड्यांतलं पाणी कुणी मोजायचं? पाण्याची पाऊलखूण, म्हणजे वस्तू तयार होताना लागलेलं पाणीही आपल्या वापरात धरायचं, ही कल्पना डच अभ्यासक हूक्स्त्रा यांनी २००२ साली मांडली. एक किलो सुती कापडामागे जगभरची सरासरी सुमारे १०,००० लिटर येते. दोन्ही देशांतल्या मुलांनी आपापल्या सदऱ्याचा कापूस कुठे पिकला ते शोधलं, तर दुसऱ्याच्या देशाचं पाणी आपण वापरतोय हे समोर येईल. देवाणघेवाणीला याहून योग्य विषय मला दिसत नाही.

आणि एक दिवस सगळ्यांनी ५० लिटरमध्ये काढावा. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनमध्ये दुष्काळामुळे २०१८च्या फेब्रुवारीपासून माणशी रोजची मर्यादा तेवढीच होती.

सातवा मजला
पाहुण्या मुलांवर असले प्रयोग नकोत हो. परक्या घरी राहणारं मूल लाजतं. पाणी कमी पडलं तरी सांगणार नाही, आजारी पडलं तर जबाबदारी यजमान आईची. जुना वाचक म्हणतात तेच बरं, पाणी मुबलक असताना बोलवा.

मी_प्रयोगशाळेत
मीही तेच म्हणेन. उन्हाळ्यात प्रवाह आटलेला असतो, नमुने घ्यायला पाणी कुठलं? आणि मीटर घ्याच.

पाणवठा
पावसाळ्यानंतर बरं, हे मलाही पटतं. सुरक्षेचं राहिलं, ते लिहितो. पुरानंतर लगेच कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका, लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या मुत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो, विशेषतः पायाला जखम असेल तर. नमुना काठावरून दोरीच्या बादलीने घ्या. नंतर साबणाने हात. पिण्याचं पाणी उकळलेलं, आणि ते कोणत्या भांड्यात आहे हे पाहुण्या मुलाला पहिल्याच संध्याकाळी दाखवा. पालकांचं संमतिपत्र त्यांना समजेल अशा भाषेत असू द्या.

सावलीतली
सगळ्यांचे मनापासून आभार. जोडीदार शाळेतल्या शिक्षकांशी बोलणं झालं आणि आमचं ठरलं.

पाहुण्यांना आम्ही भर उन्हाळ्यात बोलवतोय. इथे जवळपास सगळ्यांनी उलट सांगितलं, ते मी दोनदा वाचलं. पण भरलेली नदी त्यांनी आपल्या गावी पाहिली आहे. आमची मुलं ज्या दिवसांत पाण्याचा विचार करतात ते दिवस त्यांच्या मित्रांनीही बघावेत, असं मला वाटतं. माणशी लिटरची मर्यादा मात्र कुणावरही लादणार नाही. सातवा मजला ताईंचं ते म्हणणं अगदी बरोबर आहे.

मीटर घेत नाही, ग्लोबमध्ये यंदा नोंदणी करत नाही. अनघड यांची सदऱ्याची कल्पना माझ्या वर्गात वेगळी घेईन, आठवड्यात ती मावणार नाही.

करणार एवढंच: एक पाहुणा आणि एक यजमान अशी जोडी, जोडीला एक वही. घरातल्या एका नळापासून सुरुवात. ते पाणी कुठून आलं, याचा उलटा माग टाकी, पंप, शुद्धीकरण केंद्र, मूळ साठा असा काढायचा. मग मोरीपासून पुढचा माग, सांडपाणी शेवटी कुठे जातं तिथपर्यंत. वाटेत भेटेल त्या माणसाला विचारायचं: व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला, टँकरवाल्याला, गटार साफ करणाऱ्याला. तिकडे गेल्यावर त्याच वहीत त्यांच्या नळाचा माग. रेघ यांचं मोजपात्र आणि पाणवठा यांची नळी बरोबर असेल, वेळेचा नियमही पाळू. बसचा प्रवास फक्त साठ्यापर्यंत, तेवढा एकच दिवस.

सातवा मजला
हे आवडलं. पण उन्हाळा नको होता.

भटक्या
परतीच्या वाटेवर तरी सिंगापूर बघा.

पाणवठा
शुद्धीकरण केंद्र आणि सांडपाणी केंद्र, दोन्हींच्या परवानग्या आत्ताच मागा. परदेशी विद्यार्थी आहेत म्हटल्यावर पत्र वरच्या कार्यालयात जातं आणि तिथे वेळ लागतो. विद्यार्थ्यांची यादी पक्की नसली तरी अर्ज देऊन ठेवा, नावं मागून जोडता येतात.