दोन कारखाने एकत्र आल्यावर कार्यसंस्कृती कशी घडवावी?

प्रश्न (सदस्य: लाईन_प्रमुख)

चाकण येथील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत मी उत्पादन विभागाचे काम पाहतो. आमच्या कंपनीने नाशिकच्या सातपूर भागातील एक कारखाना विकत घेतला आणि तेथील दोन लाईन, यंत्रे व बरेचसे कामगार यांच्यासह, चाकणला आणल्या. त्यानंतर व्यवस्थापनाने सल्लागार नेमून कंपनीची मूल्ये ठरवली, ती प्रवेशद्वारापाशी ठळक अक्षरांत लावली आणि दर सोमवारी शिफ्ट सुरू होताना त्यांचे सामूहिक वाचन सुरू केले. याच काळात सातपूरहून आलेल्या लाईनवरील सदोष नग मात्र शिफ्ट संपेपर्यंत क्रेटच्या तळाशी ठेवले जात होते, आणि त्यांतील काही ग्राहकाकडे पोहोचल्यावरच आम्हाला ते कळले. चौकशीत एका ज्येष्ठ ऑपरेटरने सांगितले की, जुन्या कंपनीत जो लाईन थांबवत असे त्यालाच संध्याकाळच्या बैठकीत सर्वांसमोर जाब विचारला जाई, त्यामुळे लाईन थांबवण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे.

या कामगारांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. मात्र संस्थेची संस्कृती बाहेरून घडवता येते का, आणि येत असेल तर सुरुवात नेमकी कोठून करावी, याविषयी अनुभवी सदस्यांचे मत हवे आहे.

प्रतिसाद 1 (सदस्य: शॉपफ्लोअर)

आपल्या प्रश्नाशी सर्वांत जवळचे उदाहरण कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचे आहे. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना 1982 मध्ये बंद पडला, तेव्हा तो त्या कंपनीतील सर्वांत वाईट कारखान्यांपैकी एक मानला जात होता. रोज सुमारे 20 टक्के कामगार गैरहजर असत आणि संघटना व व्यवस्थापन यांचे संबंध पूर्णपणे विकोपाला गेले होते. 1984 मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी मिळून तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने पुन्हा सुरू केला. कामगार बहुतांश जुनेच होते आणि संघटनाही तीच होती. तरीही दोनएक वर्षांत गैरहजेरी नगण्य झाली आणि तेथील मोटारींची गुणवत्ता टोयोटाच्या जपानमधील कारखान्याच्या जवळपास पोहोचली.

हे कसे घडले, याचा तपशील महत्त्वाचा आहे. कामगारांच्या तुकड्या प्रत्यक्ष काम शिकण्यासाठी जपानला पाठवल्या गेल्या आणि परत आल्यावर प्रत्येकाच्या हाताशी लाईन थांबवण्याची दोरी आली. ती ओढल्याबरोबर लाईन थांबत नसे. आधी दिवा लागे, सूर वाजे, टीम लीडर त्या जागी येऊन मदत करी, आणि मोटार त्या टप्प्याच्या शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचेपर्यंत अडचण सुटली नाही तरच लाईन थांबे. त्यामुळे दोरी ओढणाऱ्याला आलेला पहिला अनुभव मदतीचा होता. हा प्रयोग आतून पाहणारे जॉन शूक यांनी 2010 मध्ये असे मांडले की, आधी विचार बदलून मग वागणूक बदलण्याची वाट पाहू नये; वागणूक बदलली की विचार तिच्यामागून येतात. मला हे पूर्णपणे पटते. आपल्या कंपनीने नेमका उलटा क्रम धरला आहे: मूल्ये आधी वाचून घेतली जात आहेत, आणि सदोष नग दाखवणाऱ्याचे पुढे काय होते हे जुन्या ठिकाणी होते तसेच राहिले आहे, किंवा निदान तसे नाही हे कामगारांना अद्याप अनुभवाने कळलेले नाही.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. 1988 च्या सुमारास मागणी घटली तेव्हा नुमीने कामगार कमी केले नाहीत. मोकळ्या झालेल्या वेळात त्यांना प्रशिक्षण आणि सुधारणेची कामे दिली. नोकरी टिकेल हा शब्द पाळला गेला, म्हणूनच कामगारांनी व्यवस्थापनाच्या इतर शब्दांवर विश्वास ठेवला. जनरल मोटर्सने हीच पद्धत लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाईस कारखान्यात नेण्याचा प्रयत्न केला, पण तेथे बाह्य रूप आले आणि अधिकाऱ्यांचे वागणे बदलले नाही. तो कारखाना 1992 मध्ये बंद झाला.

प्रतिसाद 2 (सदस्य: सुरक्षा_अभ्यासक)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, परंतु हा प्रश्न केवळ कामगारांचा आहे असा समज होऊ नये. कल्पना चावला ज्या कोलंबिया यानातून अंतराळात गेल्या, त्याच्या डाव्या पंखावर 16 जानेवारी 2003 रोजी उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आत इंधनटाकीवरील फोमचा तुकडा आदळला. पंखाची छायाचित्रे मिळवावीत अशी मागणी अभियंत्यांनी एकाहून अधिक मार्गांनी केली, पण ती पुढे नेली गेली नाही, आणि 1 फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान नष्ट होऊन सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. चौकशी मंडळाने त्या वर्षी ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात स्पष्ट म्हटले की, या अपघाताला फोमइतकीच नासाची संघटनात्मक संस्कृती कारणीभूत होती.

त्या अहवालातील एक निरीक्षण व्यवस्थापकांनी अवश्य वाचावे. यान सुरक्षित आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर असायला हवी होती. प्रत्यक्षात ते असुरक्षित आहे हे सिद्ध करण्याचा भार अभियंत्यांवर येऊन पडला, आणि त्यासाठी लागणारी छायाचित्रेच त्यांना मिळाली नाहीत. फोम यापूर्वीही निखळला होता आणि तरीही अंतराळयाने सुखरूप परतली होती, म्हणून तो देखभालीचा किरकोळ विषय मानला जाऊ लागला होता. 1986 मधील चॅलेंजर यानाच्या दुर्घटनेच्या आदल्या रात्रीही रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्यांविषयी शंका घेणाऱ्या अभियंत्यांची हीच स्थिती झाली होती. सतरा वर्षांत नियम, समित्या आणि पदे बदलली, पण शंका घेणाऱ्याकडेच पुरावा मागण्याची सवय शिल्लक राहिली. आपल्या बैठकीत ‘हा नग नाकारण्याइतका वाईट आहे का, ते दाखवा’ असे कोणी म्हणत असेल, तर दुरुस्ती तेथे हवी.

प्रतिसाद 3 (सदस्य: निवृत्त_शाखाधिकारी)

1 एप्रिल 2020 रोजी सार्वजनिक क्षेत्रातील सहा बँका चार बँकांमध्ये विलीन झाल्या. त्यांपैकी एका बँकेत मी शाखाधिकारी होतो. देशभर टाळेबंदी असताना दोन बँकांचे कर्मचारी एकमेकांना नीट भेटलेही नव्हते. आमच्या बाजूला मोठ्या कर्जप्रस्तावावर विभागीय कार्यालयाशी फोनवर बोलून पुढे जाण्याची रीत होती; दुसऱ्या बँकेतील सहकारी प्रत्येक गोष्ट लेखी मागत. आम्हाला ते आडमुठे वाटत आणि त्यांना आम्ही बेजबाबदार वाटत असू. पुढे परिचय वाढल्यावर कळले की, त्यांच्याकडे कर्ज एनपीए (थकीत, अनुत्पादक) झाल्यावर झालेल्या चौकशांत फोनवरील सूचना कोणी मान्य केल्या नव्हत्या आणि सारा ठपका शाखेवर आला होता. त्यांचा लेखी आग्रह हा त्या अनुभवातून आला होता.

म्हणून संस्कृती बदलू पाहणाऱ्याने प्रथम जुन्या संस्थेत कोणाला कशाची शिक्षा झाली, हे समजून घ्यावे. बँकांच्या बाबतीत शासनालाही हे मान्य करावे लागले. प्रामाणिकपणे घेतलेल्या कर्जनिर्णयांना संरक्षण मिळावे यासाठी 50 कोटी रुपयांपर्यंतच्या एनपीए खात्यांकरिता उत्तरदायित्वाची एकसारखी चौकट 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. भीतीचे कारण नियमात असेल, तर ते नियमातच बदलावे लागते. स्नेहसंमेलनाने ते जात नाही.

लाईन_प्रमुख

सर्वांचे आभार. दोन अडचणी मांडतो. आमच्याकडील बरेच हेल्पर कंत्राटी आहेत आणि कंत्राट संपले की ते जातात. दुसरे असे की, पुरवठा उशिरा झाल्यास ग्राहक दंड आकारतो, त्यामुळे लाईन थांबली की वरून लगेच फोन येतो.

शॉपफ्लोअर

कंत्राटी कामगाराची अडचण खरी आहे आणि ती बोलून सुटणार नाही. ज्याला पुढच्या महिन्याची शाश्वती नाही, त्याच्याकडून कायम कामगारापेक्षा अधिक धैर्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. तपासणीच्या आणि अंतिम जोडणीच्या जागांवर कायम कामगार नेमावेत, आणि दोष दाखवल्याच्या कारणावरून ठेकेदाराला कोणालाही परत पाठवता येणार नाही, अशी अट कंत्राटातच लिहून घ्यावी.

दंडाविषयी व्यवस्थापनाशी आकड्यांत बोलावे. ग्राहकाकडून परत आलेल्या मालाची वर्गवारी, वाहतूक आणि पुन्हा काम यांचा खर्च आपल्याकडे असेलच. त्याच्या शेजारी लाईन थांबल्याचा खर्च मांडावा. सातपूरच्या एकाच लाईनवर साधा दिवा व बटण बसवून सुरुवात करा आणि पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी नोंदवा: बटण किती वेळा दाबले गेले, आणि दाबल्यावर सुपरवायझर किती मिनिटांत पोहोचला. दुसरा आकडा फलकावर लावा. पहिला आकडा सुरुवातीला वाढेल. त्यावरून कोणालाही प्रश्न विचारला जाणार नाही, अशी लेखी हमी कारखाना प्रमुखांकडून आधीच घ्यावी, आणि वरून येणारा फोन लाईनवर न जाता थेट आपल्याकडे यावा.